पाणी नितळ होतं

पर्यावरणामुळे माणसं आजारी पडतात असं म्हटलं की डोळ्यांसमोर धुराडं उभं राहतं. जपानमधल्या मिनामाताला चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांच्या मेंदूत गेला. १९५६ मध्ये रोगाची नोंद झाली आणि सरकारला त्याचं कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ उजाडलं. भोपाळ तर आपल्या घरातलंच. अशा घटनांमध्ये आरोपी असतो, त्याच्या कारखान्याला पत्ता असतो आणि आपल्याला संतापायला हक्काची जागा मिळते. त्या संतापाशी माझं भांडण नाही. पण धुराड्याचं हे चित्र मनात इतकं पक्कं बसलं आहे की जिथे धूर नाही, फेस नाही, वास नाही, तिथे रोगाचं कारण शोधायला आपण जातच नाही. माणसांची आजवरची सर्वांत मोठी विषबाधा मात्र नितळ, गार, चवीला बऱ्या पाण्यातून झाली. ते पाणी लोकांना देणाऱ्यांत कोणी खलनायकही नव्हता. होती ती भली माणसं, आणि त्यांच्याजवळ भलं करण्याचा आराखडा होता.

त्या आराखड्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा काळ्या पाषाणात भोक पाडणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीने कामाला लागली आणि गावोगावी बोअर घेतले गेले. बोअर घेणं एक वेळ सोपं, वरचा पंप टिकवणं अवघड. एखाद्या कुटुंबापुरते बनवलेले ओतीव लोखंडाचे पंप इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्ख्या वस्तीच्या हाताखाली यायचे आणि बघता बघता मोडायचे. त्या काळातल्या पाहणीत चारांपैकी तीन पंप बंद आढळले होते. यावर तोड निघाली ती दिल्लीत किंवा जिनिव्हात नव्हे, आधी जालन्याच्या मिशनमध्ये आणि मग सोलापुरात. सोलापूरचा पंप समोर ठेवून ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. आपण त्याला नुसतं हापसा म्हणतो. नागपंचमीच्या झोक्यापेक्षा लहान पोरं त्याच्या दांड्यावर जास्त लोंबकळली असतील.

हापशाचे उपकार मोजायचे तर नारूपासून सुरुवात करावी लागेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, पाय बुडायचे, पायाच्या फोडातून जंत आपली पिल्लं पाण्यात सोडायचा आणि तेच पाणी घागरीतून घरी जायचं. नारूचा तो लांबलचक दोरा काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढण्याची आठवण जुन्या माणसांना अजून आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. लस नव्हती, धड औषधही नव्हतं. पाणी गाळणं, विहिरींच्या पायऱ्या बंद करणं आणि जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर आणणं, एवढ्यावर हा रोग गेला. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते हापशाविरुद्धचं आरोपपत्र समजू नये.

बंगालच्या खोऱ्यात तर काम आणखी सोपं होतं. तिथे खाली पाषाण नाही, हिमालयातून वाहून आलेला मऊ गाळ आहे. चार माणसं बांबूचा सांगाडा बांधून दिवसाभरात हाताने नळी खाली उतरवू शकतात. पूर्व बंगालात पोखरांचं आणि तळ्यांचं पाणी पिऊन मुलं कॉलऱ्याने, हगवणीने दगावत होती. त्यांना वाचवण्यासाठी १९७० च्या दशकात बांगलादेश सरकार आणि युनिसेफ यांनी नलिकाकूप लोकप्रिय केले. पुढे लोक स्वतःच्या पैशांनी ते घेऊ लागले, इतके की मुलीच्या लग्नात नलिकाकूप असलेलं घर बघण्यापर्यंत गोष्ट गेली. शतक संपेपर्यंत त्यांची संख्या कोटीच्या घरात पोचत होती. जंतूंच्या दृष्टीने पाणी निर्मळ होतं. विकासाच्या इतिहासात इतकी सरळ यशोगाथा क्वचित सापडेल.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर चोवीस परगण्यातल्या खेड्यांतून माणसं येऊ लागली. अंगावर पावसाचे थेंब पडून डाग राहावेत तसे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय जाड आणि खडबडीत झालेले. गावात कोणी याला कुष्ठरोग म्हणत होतं, कोणी शाप. साहांनी ओळखलं की हे आर्सेनिक आहे, आपल्या जुन्या भाषेत सोमल. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, सीमेपलीकडे चापाई नवाबगंजच्या विहिरीतही ते सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे. धोक्यात असलेल्यांचा त्यांचा अंदाज होता साडेतीन ते पावणेआठ कोटी.

हे आर्सेनिक कोणी ओतलं नव्हतं. हिमालयाच्या खडकांतून ते गाळाबरोबर आलं आणि लोहाच्या कणांना चिकटून हजारो वर्षं पडून राहिलं. गाळात कुजलेला पाला-लाकूड असतो. तो खाणाऱ्या जंतूंना प्राणवायू मिळाला नाही की ते लोहाची संयुगं मोडतात आणि लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. गंमत अशी, आणि हिला गंमत म्हणवत नाही, की हवा लागणाऱ्या उथळ आडांत ते सहसा कमी असतं आणि दीडशे मीटरांखालच्या जुन्या थरांतही कमी असतं. मधल्या पट्ट्यात, हाताने उतरवलेली नळी जिथे सहज पोचते तिथेच, ते जास्त असतं. म्हणजे खडक नैसर्गिक, जंतू नैसर्गिक, पाणी नैसर्गिक. रोग मात्र नैसर्गिक म्हणता येत नाही, कारण नळी किती खोल घालायची हे माणसाने ठरवलं होतं. माझं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं. पर्यावरण माणसाला आजारी पाडतं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खडक, हवा, पाणी हे अर्धंच कारण असतं. उरलेलं अर्धं कुठल्यातरी कार्यालयात घेतलेल्या निर्णयात असतं, आणि तो निर्णय वाईट हेतूने घेतलेला असावा लागत नाही.

इथे हमखास येणारा प्रतिवाद मला ठाऊक आहे: ‘त्या वेळी कोणाला माहीत होतं?’ वस्तुस्थिती तपासू. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्येच छापली होती आणि १९६३ मध्ये ती लिटरला ५० मायक्रोग्रॅमवर आणली होती. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांचे पाय काळे पडून सडत होते. त्या भागातल्या चाळीस हजार लोकांच्या तपासणीवरचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. माहिती जगात होती, ती बंगालच्या गाळाशी कोणी जोडली नव्हती. पाण्याची परीक्षा व्हायची ती जंतूंसाठी, कारण शत्रू जंतू आहे हे आधीच ठरलं होतं.

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करून १९९२ मध्ये अहवाल दिला. त्यात कितीतरी मूलद्रव्यं मोजली होती, आर्सेनिक नव्हतं. एका बाधित खेडुताने इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने एकमताने निकाल दिला की या संस्थेचं त्या माणसाप्रती असं कर्तव्यच नव्हतं, दोघांत तेवढं जवळचं नातं नाही. कायद्याच्या तर्कात मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. न मोजलेल्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञांना जगभर जबाबदार धरलं, तर कोणी मोजायलाच जाणार नाही. पण या निकालाने एक गोष्ट उघडी पाडली. विहीर खोदणारा म्हणतो मी पाणी दिलं, तपासणारा म्हणतो मला सांगितलं ते तपासलं, डॉक्टर म्हणतो माझ्याकडे कातडी आली, पाणी नाही आलं. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं आणि तरीही लाखो माणसं विष पीत राहतात. दोन खात्यांच्या मधल्या या मोकळ्या जागेत रोग मुक्काम करतो.

मग बांगलादेशात विहिरी रंगवायला सुरुवात झाली. ५० मायक्रोग्रॅमच्या वर तोंडाला लाल, खाली हिरवा. सुमारे पन्नास लाख विहिरी तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या चौदा लाखांच्या आसपास लाल निघाल्या. १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ रोखायला लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढला गेला ही कथा सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण तिथे शेजारच्या गल्लीत दुसरा पंप होता. लाल विहिरीपासून दूर झालेली बाई कुठे जाणार? शेजारची हिरवी विहीर दुसऱ्याच्या अंगणात, तिथे दिवसातून चार वेळा जाण्यासाठी त्या घराशी बरं असावं लागतं. काही अर्थशास्त्रज्ञांनी असंही दाखवलं की आर्सेनिकच्या भीतीने विहीर सोडून पुन्हा तळ्याकडे किंवा लांबच्या पाण्याकडे वळलेल्या घरांत बालमृत्यू वाढले. एक रोग टाळताना दुसरा घरात येतो. अशा वेळी ‘शुद्ध पाणी’ हा शब्द निरुपयोगी ठरतो. कशापासून शुद्ध, कोणासाठी, किती वर्षांसाठी, हे विचारावं लागतं.

वर्षांचा प्रश्न सर्वांत फसवा आहे. चिलीमधल्या अँटोफगास्टा शहराला वाळवंटामुळे पाण्याची टंचाई होती. १९५८ मध्ये आंडीज पर्वतातल्या नदीचं पाणी नळाने शहरात आणलं. मोठं काम होतं आणि लोक खूश होते. त्या पाण्यात लिटरला ८५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि प्रमाण झपाट्याने खाली आलं. बारा वर्षांचा मामला, सुरुवात आणि शेवट दोन्ही ठळक. साहजिक वाटेल की १९७० नंतर रोग ओसरला असेल. झालं उलटं. फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू चढत गेले आणि पाणी सुधारल्यावर वीस-पंचवीस वर्षांनीही ते इतर चिलीच्या मानाने कितीतरी जास्त होते. त्या बारा वर्षांत जी मुलं पोटात होती किंवा पाळण्यात होती, ती ऐन तिशी-चाळिशीत फुप्फुसाच्या रोगांनी जास्त मेली. बांगलादेशात आराइहजार भागात २००० पासून सुमारे बारा हजार माणसांचा माग ठेवला गेला. दहा वर्षांनी निष्कर्ष आला की तिथल्या दर पाच मृत्यूंतला जवळपास एक या पाण्याच्या खाती जातो. शरीर साक्ष देतं, पण खटला संपून गेल्यावर. म्हणून ‘आजारी माणसं दाखवा, मग बघू’ हे उत्तर, जे आपल्याकडे सरकारी दप्तरातून नेहमी मिळतं, ते तर्काला धरून नाही. रुग्ण दिसू लागतात तेव्हा पुढच्या वीस वर्षांचे रुग्णही ठरून गेलेले असतात.

आपल्याकडे आर्सेनिकची जागा फ्लोराइडने घेतली आहे. भारतातली ओळख जुनी: १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी फ्लोराइडमुळे होणाऱ्या हाडांच्या रोगाचं वर्णन केलं. त्याआधी शेतकऱ्यांना तो बैलांत दिसला होता अशी नोंद आहे. धडधाकट बैल लंगडू लागले, नांगराला जुंपता येईनात. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बेसाल्ट आहे. तो सरतो तिथे, चंद्रपूर, यवतमाळच्या काही तालुक्यांत आणि नांदेडच्या किनवटकडे, ग्रॅनाइटसारखा जुना खडक वर येतो आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड वाढतं. आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मग सांधे आखडणं, शेवटी पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होणं. दात डागाळले म्हणून कोणी तालुक्याला जात नाही, आणि पाठ आखडली तर ती वयाची, मेहनतीची समजली जाते. अशा रोगाला गाव सहज सरावतं.

पण एकाच हापशाचं पाणी पिणारी सगळी माणसं सारखी वाकत नाहीत, आणि इथे ‘खडकाचा दोष’ हे सोपं उत्तर कोसळतं. पेयजलाची मानकं ठरवताना साधारण साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं धरलं जातं. मे महिन्यात किनवटच्या रानात तेंदूपत्ता तोडणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईचं वजन साठ किलो नसतं, आणि दोन लिटर तर तिचे दुपारपर्यंतच संपतात. आहारात दूध, डाळ, कॅल्शियम कमी असेल तर तेच फ्लोराइड हाडांना जास्त जाचतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये नलगोंडा भागातल्या तरुण मुलांचं वर्णन केलं. त्यांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आपटत होते. फ्लोराइड तिथे पूर्वीपासून होतं, गुडघ्यांचा हा प्रकार मात्र नवा होता. पुढे मांडणी झाली ती अशी: नागार्जुनसागर धरण आणि कालवे आल्यावर भूजल वर चढलं, माती अल्कधर्मी झाली, ज्वारीत मॉलिब्डेनम वाढलं, त्याने शरीरातलं तांबं बाहेर जाऊ लागलं आणि त्यात फ्लोराइडची भर पडली. त्यातही ज्वारीवर राहणाऱ्यांच्या शरीरात भातावर राहणाऱ्यांपेक्षा फ्लोराइड जास्त टिकतं असं दिसलं. धरण, कालवा, माती, भाकरी, गुडघा. यांतला प्रत्येक घटक वेगळ्या मंत्रालयाकडे आहे.

उपाय सापडले नाहीत असंही नाही. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड काढण्याचं ‘नलगोंडा तंत्र’ नागपूरच्या नीरी संस्थेनेच शोधलं. रसायनशास्त्र त्यात चोख आहे. अडतं ते रोजच्या मापावर: आज किती तुरटी, उरलेला गाळ कुठे टाकायचा, तुरटी संपली तर पुढची पिशवी कोण आणणार, रविवारी कोण टाकणार. यंत्र बसवल्याचा फोटो निघतो, तुरटीच्या दुसऱ्या पिशवीचा निघत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे अख्खा मुलूख रोगाने उद्ध्वस्त होण्याचा, एक अध्याय आहे. गंगेच्या काठी, कांपिल्य नगरीजवळ, अग्निवेश आत्रेयांना विचारतो की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, वयं वेगळी, मग ती एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात? आत्रेय म्हणतात, जे सर्वांना सामाईक आहे ते बघ: वायू, जल, देश आणि काळ. आजचा साथरोगतज्ज्ञ वेगळं सांगणार नाही. पण अग्निवेश तिथे थांबत नाही, हे चौघे बिघडतात कशाने असं विचारतो. उत्तर मिळतं, अधर्माने. आणि त्या अधर्माची सुरुवात कुठून, तर देश, नगर, जनपद यांच्या प्रमुखांपासून. प्राचीनांना सगळं ठाऊक होतं अशा आनंदात मी पडत नाही. या उत्तरात देवाचा कोप, मागच्या जन्मीचं पाप अशी भरही पुढे येतेच. तरी पाणी बिघडलं तर आधी कारभाऱ्याला विचारा, हा रोख मला अजून कामाचा वाटतो.

कारभारी आज काय मोजतो? २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटरचा आणि घरोघरी नळाचा हिशोब आहे. प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचं साहित्य वापरायला शिकवायचं, ही त्यातली सर्वांत शहाणी कल्पना. पण ती सार्वजनिक पाण्यापुरती. महाराष्ट्रातलं खेडं आणि वाढती उपनगरं आता खासगी बोअरवर जगतात. पाणाड्या नारळ हातावर धरून रानात फिरतो, जागा दाखवतो, तमिळनाडूहून आलेली बोअरची गाडी रात्रभर घरघरते, फुटाच्या दराने पैसे मोजले जातात. चारशे, सहाशे, आठशे फूट. पाणी लागलं की नारळ फुटतो, गाडीला हार पडतो. प्रत्येक शंभर फुटांना आपण वेगळ्या काळातलं, वेगळ्या खडकातलं पाणी पिऊ लागतो. वरच्या थरात रासायनिक खतांचं नायट्रेट, खाली दगडाचं फ्लोराइड. या सगळ्या खर्चात ‘पाण्याची तपासणी’ असा रकाना मी कोणाच्या हिशोबात पाहिलेला नाही. ऐपतवाला आरओचं यंत्र बसवतो आणि प्रश्न सुटला असं मानतो. त्याच्या शेतावरचा सालगडी तेच पाणी थेट पाइपातून पितो.

माझी सूचना अगदी कारकुनी आहे. सातबाऱ्यावर विहिरीची, बोअरची नोंद करता येतेच. त्याच नोंदीत पाण्याच्या तपासणीचे आकडे आणि तारीख लिहावी, फ्लोराइड आणि नायट्रेट तरी, आणि दर पाच वर्षांनी नवे. बोअर आणखी खोल नेला तर लगेच. पहिला विरोध शेतकऱ्याचाच होईल आणि तो खोटा नसेल: लाल आकडा सातबाऱ्यावर चढला तर जमिनीचा भाव पडेल, सोयरीक अडेल. बांगलादेशात अंगावर डाग असलेल्या मुलींची लग्नं मोडली, हे आपण जाणतो. दुसरा विरोध खात्याचा: आकडा एकदा लिहिला की दुसरं पाणी देण्याची जबाबदारी अंगावर येते, न लिहिलेलं बरं. पहिल्या विरोधाला उत्तर देता येईल. आकडा ज्या बोअरवर चढेल तिथे पर्यायी पाण्याचा खर्च सरकारने उचलावा, आणि आकडा हीच त्या मदतीची पात्रता ठरावी. मग तो लपवण्यात शेतकऱ्याचा तोटा होईल. दुसऱ्या विरोधाची खरी अडचण अशी की तो कधी लेखी येत नाही. प्रयोगशाळेत माणसं कमी आहेत, रसायनं संपली आहेत, नमुना उशिरा पोचला, अशा वेषात तो येतो. तेव्हा सातबाऱ्यावर आकड्याच्या जागी ‘तपासणी झाली नाही’ असं लिहिणंही बंधनकारक असलं पाहिजे, त्याखाली तलाठ्याची सही आणि तारीख.